मुश्ताकभाईंचं शंकासमाधान

"कापूर दे," रसूलबी खाला म्हणाली. "आणि पडदा सोडू नको हातातला. बाहेर पुरुष बसलेत."

पडदा म्हणजे घरातलीच एक जुनी हिरवी चादर. परसात दोन खांबांना दोरी बांधून ती लावली होती आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिचं एक टोक मी धरलं होतं. आत, मशिदीतून आणलेल्या लाकडी तख्तावर माझी अम्मी होती. आमच्यात मयताला शेवटची अंघोळ घालतात तिला गुस्ल म्हणतात. बाईचा गुस्ल बायकांनीच करायचा. म्हणून आत आम्ही तिघीच होतो. मी, अम्मीची थोरली बहीण रसूलबी खाला आणि मोहल्ल्यात हे काम वर्षानुवर्षं करत आलेल्या जैबुनचाची. खाला सांगत होती, चाची पाणी ओतत होत्या आणि मी जे हातात येईल ते देत होते. रडायला सवडच नव्हती.

अम्मीचं तोंड मी तेव्हा नीट पाहिलं. मिरजेच्या दवाखान्यात तिच्या तोंडात नळी घातली होती. ती हलू नये म्हणून गालावरून चिकटपट्ट्या ताणून लावलेल्या. त्यामुळे ओठ एका बाजूला ओढला गेला होता आणि अख्खा चेहरा सुजून दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा. अब्बा रोज अतिदक्षता विभागाच्या काचेतून बघायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "ही आपली खैरून नव्हं." आता नळी निघाली होती, सूज ओसरली होती आणि ती पुन्हा खैरूनबी इलाही मोमीन दिसत होती.

चाचींनी कफन गुंडाळलं. फक्त तोंड तेवढं उघडं ठेवलं. तेवढ्यात चादरीच्या पलीकडून अब्बांचा आवाज आला.

"बिल्किस, झालं का?"

"झालं अब्बा."

"मग मला जरा आत येऊ दे. तिचं नळी काढलेलं तोंड बघायचंय मला. एकदाच बघतो आणि जातो."

अब्बा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. गाईम्हशींच्या जखमा धुण्यात त्यांची नोकरी गेली. माणूस साधा, मागणं कमी. त्यांनी आयुष्यात कुणाकडं काही हट्टानं मागितलेलं मला आठवत नाही. आदल्या संध्याकाळी नर्सनंच त्यांना घरी पाठवलं होतं, आजोबा, जरा पाठ टेका म्हणून. पहाटे अम्मी गेली तेव्हा तिच्यापाशी मी होते. दवाखान्यातून तिला बांधून, झाकून दिलं आणि गाडी थेट घराच्या मागल्या दारी लागली. म्हणजे अब्बांनी तिला पाहिलं ते शेवटचं काचेतून, त्या नळीसकट. एवढं एकच त्यांना पुसून टाकायचं होतं.

मी चादर बाजूला करणार, इतक्यात खालानं माझं मनगट धरलं.

"येडी का काय तू? बाई मेली की निकाह तुटतो. आता तो तिला परका. परक्या पुरुषाला तिचं तोंड दाखवलं तर गुनाह तिच्या माथी बसंल."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या सासूच्या वेळेला हेच झालं, माझ्या आईच्या वेळेला हेच झालं. कुणी सांगायला कशाला पाहिजे?"

जैबुनचाची खाली मान घालून कापराची पुडी बांधत होत्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, रिवाज तर तसाच आहे पोरी, पुढचं मला कळत नाही. खालावर माझा राग नव्हता, आजही नाही. तिचा चेहरा भीतीनं पांढरा झाला होता. आपल्या धाकट्या बहिणीला कबरीत पहिल्याच रात्री काही भोगावं लागू नये, एवढीच तिची धडपड होती.

मी म्हटलं, मुश्ताकभाईंना विचारू.

मुश्ताकभाई म्हणजे खालाचा मुलगा. अब्बा त्यांचे खालू, मावशीचे यजमान. प्राध्यापक मुश्ताक नदाफ. तेव्हा कॉलेजात शिकवायचे आणि एका जिल्हा साप्ताहिकात दर आठवड्याला त्यांचं सदर यायचं. वाचक विचारायचे, ते उत्तर द्यायचे. मुसलमान पश्चिमेकडं तोंड करून का बसतात? रोज्यात थुंकी गिळली तर चालते का? बायकांना मशिदीत का नेत नाहीत? उत्तरं सोपी, गोड मराठीत, मधूनच एखादा विनोद. मला ते सदर फार जवळचं वाटायचं. मी मुलींच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे आणि हे सगळे प्रश्न स्टाफरूममध्ये डबा खाताना माझ्या ताटात पडायचे. तुम्ही शुक्रवारीच अंघोळ करता ना? तुमच्यात माणसाला बसवून पुरतात ना? एका बाईंनी तर मला, तुम्ही चंद्राची पूजा करता तर मग अमावास्येला काय करता, असं तळमळीनं विचारलं होतं. घास तोंडात फिरायचा. पुढं पुढं मी मुश्ताकभाईंचं कात्रणच पर्समध्ये ठेवू लागले आणि कुणी काही विचारलं की पुढं करायचे. आपल्यातलं कुणीतरी शहाणं आहे, नीट सांगतं, याचं केवढं समाधान होतं मला.

मुश्ताकभाई पुढच्या अंगणात जमातच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या पंचायतीच्या मंडळींत बसले होते. निरोप जाताच आले. पांढरा शुभ्र कुर्ता, हातात अत्तर लावलेला रुमाल. चादरीकडं पाठ करून, अदबीनं उभे राहिले. अब्बा शेजारीच होते.

मी आतूनच म्हटलं, "मुश्ताकभाई, अब्बांना अम्मीचं तोंड बघायचंय. खाला म्हणते चालत नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच काय ते सांगा."

चादरीला एके ठिकाणी फट होती. तिच्यातून मला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. त्यांनी आधी अब्बांकडं पाहिलं. मग वळून पुढच्या अंगणाकडं पाहिलं. तिथं जमातचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हाजी पटवेगार खुर्चीत बसले होते. घराच्या कडेच्या बोळातून ते सगळं बघत होते. जुन्या वळणाचा, कडक माणूस. रिवाजाबाहेर कुणी बोट हलवलं की त्यांना खपायचं नाही. मुश्ताकभाईंनी रुमालानं ओठ टिपले.

"बिल्किस, ही वेळ वाद घालायची नाही," ते हळू आवाजात म्हणाले. मग अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी आवाज चढवला, पार पुढच्या अंगणापर्यंत जाईल असा. "खालू, सब्र करा. अल्लाहच्या हुकमापुढं आपण कोण? ती त्याची अमानत होती, त्यानं नेली. आता तिच्या आखिरतसाठी, मरणानंतरच्या जिंदगीसाठी दुआ करा."

पुढच्या अंगणातून कुणीतरी "बेशक" म्हणालं.

अब्बांनी मान डोलावली. मला काही ते पटलं नाही. मी खालाचा हात झटकला आणि चादर एका बाजूनं सरळ वर उचलली. म्हटलं, "अब्बा, या. मी बघते कोण काय म्हणतं ते."

दोन पावलांवर अम्मी होती. अब्बांनी नुसती मान वर केली असती तरी दिसली असती. पण त्यांनी झटकन डोळे मिटले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"टाक पोरी खाली," ते म्हणाले. "माझ्यापायी तिला तिथं त्रास नको."

खालानं माझ्या हातातून चादर ओढून घेतली. मुश्ताकभाई तोवर बोळातून पुढं निघूनही गेले होते.

जनाजा निघाला तेव्हा अब्बांनी खांदा दिला नाही. तेही चालत नसेल असं त्यांनी स्वतःच धरलं. ते सगळ्यांत मागून, कडेकडेनं चालत गेले. कबरीत उतरवायला माझा मामा आणि मुश्ताकभाई होते. हे मला नंतर माझ्या नवऱ्यानं सांगितलं. अब्बा दफनभूमीच्या फाटकापाशी लिंबाखाली उभे होते म्हणे, एखाद्या ओळखीच्या माणसाच्या मयताला आल्यासारखे.

परत आल्यावर मंडळी जेवायला बसली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्या गल्लीतून डाळ-भात आणि मटणाचा रस्सा आला होता. मी वाढत होते. मुश्ताकभाई हाजी पटवेगारांच्या शेजारी बसले होते. त्यांनी रश्शातली नळी फोडून आतलं चोखून घेतलं, बोटं चाटली आणि मला म्हणाले, "बिल्किस, रश्शाला मीठ कमी आहे गं. जरा आण बघू." मी मीठ आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि मागं जाऊन चूळ भरली. तोवर मला एवढंच वाटत होतं की हा माणूस फार निर्ढावलेला आहे. त्याहून जास्त काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढचे काही आठवडे मी अब्बांसोबत माहेरीच राहिले. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी आपली वळकटी उचलून सोप्यात आणली. त्या दोघांच्या खोलीत ते जाईनात. कपाटातलं औषध हवं असलं तरी मला आणायला सांगायचे. अम्मीचे कपडे कुणाला द्यायचे म्हणून विचारलं, तर म्हणाले, तिच्या भावाला विचार, मी कोण सांगणारा. भिंतीवर दोघांचा एक फोटो होता, माझ्या लग्नातला. तो त्यांनी उतरवून माझ्या ट्रंकेत ठेवला. "खैरून" हे नाव तर त्यांच्या तोंडून पार गेलं. बोलायची वेळ आलीच तर "तुझी अम्मी" म्हणायचे. मला वाटलं, माणसाचं दुःख आहे, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मीही तो विषय काढत नव्हते. उगाच कशाला खपली काढा.

मुश्ताकभाई तेवढ्यात जमातचे विश्वस्त झाले. हाजी पटवेगारांनीच त्यांचं नाव सुचवलं होतं. पेढे घेऊन ते आमच्या घरी आले. मयताचं घर आहे, पण बुजुर्गांचं तोंड गोड केल्याशिवाय राहवेना, असं म्हणाले. अब्बांनी दुआ दिली. एवढा शिकलेला पोरगा, पण रिवाज सोडत नाही, असं कौतुकानं मलाही सांगितलं.

चाळिसाव्या दिवसाचा फातेहा झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नगर वाचनालयाची व्याख्यानमाला सुरू झाली. त्यात एक संध्याकाळ मुश्ताकभाईंची होती. "इस्लाम : तुमच्या शंका, आमची उत्तरे." आमच्या गावात असा कार्यक्रम पहिल्यांदाच होत होता. माझी माहेरची शेजारीण आणि शाळेतली मैत्रीण सुनंदा पोरे पास घेऊन आली. म्हणाली, काकांना घेऊन चल, घरात बसून माणूस कोमेजतो. अब्बाही लगेच तयार झाले. इस्त्रीचा पायजमा, टोपी. आपला माणूस व्यासपीठावर बसणार याचा त्यांना अभिमान होता. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मध्ये अब्बा, अलीकडं मी, पलीकडं सुनंदा.

खोटं कशाला बोलू, मुश्ताकभाई छान बोलले. काबा ही दिशा आहे, दैवत नाही. अजान म्हणजे नुसतं बोलावणं, त्यात कुणाला शिवी नाही. त्यांनी तिचा अर्थच वाचून दाखवला. चार बायकांवर प्रश्न आला तेव्हा म्हणाले, अट न्यायाची आहे, आणि मला तर एकीशीच न्याय करताना घाम फुटतो. सभागृह हसलं. मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा आमच्या धर्मानं केव्हाच दिला, असं ते म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. त्यांच्या दोन्ही बहिणींना तो कधी मिळाल्याचं मी ऐकलं नव्हतं, पण मीही टाळ्या वाजवल्या. आमच्याबद्दल चार लोक टाळ्या वाजवतात, हे काय रोज घडतं? एका गृहस्थांनी माणसाला बसवून पुरतात का हे विचारलंच. मुश्ताकभाईंनी न चिडता, आम्ही आडवंच झोपवतो हो, तोंड काब्याकडं करून, असं सांगितलं. अब्बा मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ, कसं सांगतो."

मग सुनंदा उभी राहिली. तिनं मला काही विचारलं नव्हतं, नाहीतर मी तिला बसवली असती. ती त्या दिवशी आमच्या परसात तुळशीच्या डब्याशेजारी बसून होती. सगळं बघितलेलं. घराचं नाव न घेता, जपून जपून तिनं विचारलं.

"सर, मी असं बघितलंय की बायको वारल्यावर नवऱ्याला तिचा चेहरा बघू देत नाहीत. ते बघून मला फार लागलं. तुमच्या धर्मात खरंच मनाई आहे का?"

मुश्ताकभाईंच्या नजरेला सुनंदा ओळखीची नव्हती. आम्ही दोघं रांगेतल्या गर्दीत, त्यांच्यावर दिव्यांचा झोत. ते मंद हसले, माईक जवळ ओढला.

"फार चांगला प्रश्न विचारलात, ताई. मनाई मुळीच नाही. बायको गेली की नवरा परका होतो, ही आमच्याकडच्या अडाणी बायकांनी लावून दिलेली समजूत आहे. गुस्ल नवऱ्यानं द्यावा की नाही, यावर इमामांमध्ये मतभेद आहेत. पण तोंड बघण्याबद्दल एकाचाही विरोध नाही. पैगंबरसाहेबांच्या लेकीला, हजरत फातिमांना तर त्यांच्या पतीनं स्वतः अंघोळ घातली, असं परंपरा सांगते." इथं त्यांनी जरा थांबून सभागृहावरून नजर फिरवली. "अहो, जन्मभर एका ताटात जेवलेल्या माणसाला इस्लाम शेवटच्या घडीला परका कसा ठरवेल?"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. सुनंदा खाली बसली, तिचे डोळे भरले होते. माझे हात मात्र मांडीवरच राहिले. हा माणूस शिकलेला असून अडाण्यासारखा वागला, असं इतके दिवस मी समजत होते. तसं नव्हतंच. चादरीपाशी उभा होता तेव्हाही हे सगळं, इमामांच्या मतभेदांसकट, त्याच्या डोक्यात तयार होतं. फक्त तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. आणि अडाणी बायका कोण, तर त्याची स्वतःची आई.

अब्बा उठले. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. स्वयंसेवक माईक घेऊन धावला. अब्बांनी तो हातानं बाजूला केला.

"मुश्ताक," ते म्हणाले, "हे तुला त्या दिवशी ठाऊक होतं का?"

मुश्ताकभाईंनी डोळ्यांवर हात धरून, दिव्याच्या आडून बघितलं. ओळख पटली तशी त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी तुकतुकी उतरली.

"खालू, तुम्ही? बसा ना. आपण नंतर निवांत बोलू."

"ठाऊक होतं का, एवढंच सांग."

मागचे लोक माना उंच करून बघत होते. मुश्ताकभाईंनी खिशातून रुमाल काढला.

"खालू, मी तुम्हाला बघू नका असं म्हणालो नव्हतो. मी फक्त सब्र करा म्हणालो होतो."

आणि हे खरं होतं. शब्दाला शब्द खरं. त्यांनी मनाई केलीच नव्हती. अल्लाहचा हुकूम म्हणाले, अमानत म्हणाले, आखिरत म्हणाले, आणि उरलेलं अब्बांनी आपल्या भोळेपणानं जोडून घेतलं. खोटं न बोलता माणसाला इतकं फसवता येतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी सरळ खोटं सांगितलं असतं तर मला इतकी शिसारी आली नसती.

अध्यक्ष घोरपडे सर घाईघाईनं माईकवर आले. वैयक्तिक बाबी आपण कार्यक्रमानंतर घेऊ, वेळ कमी आहे, असं म्हणाले. कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला, हलाल म्हणजे नेमकं काय. मुश्ताकभाईंनी घोटभर पाणी घेतलं आणि पुन्हा त्याच गोड आवाजात सुरुवात केली. जनावराला तहानलेलं ठेवू नये, त्याच्यासमोर सुरी परजू नये, त्याला घाबरवू नये. मी अब्बांचा हात धरून उठायला लागले. त्यांनी मला खाली दाबलं. "मधूनच उठणं बरं दिसत नाही," म्हणाले. आणि हलालवरचं सगळं उत्तर त्यांनी बसून ऐकून घेतलं.

बाहेर पडताना मुश्ताकभाईंनी आम्हाला पायरीवर गाठलं. हातात वाचनालयानं दिलेला पुष्पगुच्छ तसाच होता. ते अब्बांना समजावू लागले. त्या दिवशी जमात जमली होती, खाला हट्टाला पेटली होती, सदरसाहेब समोर बसलेले. मयताच्या घरात भांडण उभं राहिलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं. समाज हळूहळू बदलतो, खालू, एकदम अंगावर गेलं तर लोक तुटतात. बोलता बोलता त्यांनी दोनदा आजूबाजूला कोण ऐकतंय ते बघून घेतलं.

मी म्हटलं, "सरळ सांगा ना, तुम्हाला विश्वस्त व्हायचं होतं."

"बिल्किस, तू शिकलेली आहेस. तुझ्या तोंडी असली भाषा शोभत नाही."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण अब्बा मध्ये बोलले. आवाज चढला नव्हता, उलट नेहमीपेक्षा खालीच होता.

"तुझ्या आईला अडाणी म्हणू नको, मुश्ताक. तिला जे खरं वाटलं ते तिनं सांगितलं. तू घरी जा."

मुश्ताकभाई काही बोलणार होते, पण तेवढ्यात कॉलेजची चार पोरं त्यांच्या सहीसाठी आली आणि ते तिकडं वळले. हसून. आज त्यांचं शंकासमाधानाचं पुस्तक गावोगाव खपतं आणि सुनंदाचा प्रश्न त्यात आहे. उत्तरही तेच आहे, एका ताटासकट. मला लोक ते पुस्तक भेट देतात, तुमच्यातलेच ना हे सर, म्हणून. मी घेते आणि तसंच रद्दीत टाकते. घरात ठेवायचीही मला किळस येते.

सुनंदा त्या दिवशी समजून पुढं निघून गेली. मी आणि अब्बा नदीकाठच्या रस्त्यानं घरी निघालो. दिवस नुकताच मावळत होता. मनातल्या मनात मी मुश्ताकभाईंना शिव्या घालत होते. घाटापाशी आल्यावर अब्बा कठड्याला टेकून उभे राहिले. त्यांना दम लागला असेल असं मला वाटलं.

"खैरूनचं तोंड कसं होतं गं?" त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं. मी सांगितलं, सूज उतरली होती. गालावर चिकटपट्टीची लालसर खूण राहिली होती, पण ओठ वाकडे नव्हते. जेवण करून दुपारी सोप्यात आडवी व्हायची ना, तशीच दिसत होती. भुवईवर पाण्याचा थेंब राहिला होता, तो मी पुसला.

"कपाळाला आठी?"

"नव्हती."

अब्बा पाण्याकडं वळले. मग म्हणाले, "इतके दिवस हे मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत, अब्बा. मी वाट बघत होते."

"कसं विचारणार?" ते म्हणाले. "परक्या बाईचं तोंड कसं होतं, असं आपल्या पोरीला कसं विचारायचं, बिल्किस?"